पोरांचा सिनेमा की पोरांवरचा सिनेमा?

आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात खालच्या हॉलमध्ये पडदा लावून मुलांना सिनेमा दाखवतात. एका वर्षी निवड करणाऱ्यांनी ‘मासूम’ आणला. कारण साधं होतं, ‘लकडी की काठी’ प्रत्येक पोराला पाठ. गाणं लागलं तेव्हा मुलांनी हॉल अक्षरशः डोक्यावर घेतला. ते संपलं आणि पाचच मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. वेफर्सच्या पिशव्या कुरकुरायला लागल्या, दोन पोरं प्रोजेक्टरच्या उजेडात हाताचे ससे करत बसली. मग सतरंजीवर पुढे बसलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीने मागे वळून आईला मोठ्याने विचारलं, “हा मुलगा त्या काकांचा आहे, मग काकूंचा का नाही?” मागे खुर्च्यांवर बसलेली सगळी मोठी माणसं एकदम गप्प. एका काकांनी तर उठून पंख्याचं बटण तपासलं.

सिनेमा वाईट होता का? मुळीच नाही. १९८३ सालचा हा शेखर कपूर यांचा पहिला चित्रपट. नवऱ्याला लग्नाबाहेरच्या संबंधातून झालेला मुलगा घरी येतो आणि मांडलेला संसार हलतो, अशी ती गोष्ट. पडद्यावर तीन गोड मुलं आहेत, गाणं मुलांचं आहे, मारामारी नाही. तरी तो मुलांचा सिनेमा नाही, हे त्या दिवशी चाळीस पोरांनी न बोलता सांगितलं. मग मुलांचा सिनेमा म्हणायचं कशाला?

बहुतेक आईबाप आधी सर्टिफिकेट बघतात. “‘यू’ आहे ना? मग चालतंय.” इथेच पहिला घोटाळा होतो. आपल्याकडे १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं. सुरुवातीला ‘यू’ आणि ‘ए’ एवढेच प्रकार होते. १९८३ मध्ये त्यात ‘यूए’ आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट प्रेक्षकांसाठीचा ‘एस’ आले. तेव्हा ‘यूए’चा अर्थ असा होता, की बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवावं. पण सातवं आणि अकरावं वर्ष यात केवढा फरक असतो, हे घरात पोर असणाऱ्याला सांगायला नको. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन तुकडे केले, ७ वर्षांवरचे, १३ वर्षांवरचे आणि १६ वर्षांवरचे. हे चांगलंच झालं.

मात्र या सगळ्यात बोर्ड एकच गोष्ट बघतं, लहान प्रेक्षकाला यातून काही अपाय होईल का. त्याला यात गंमत वाटेल का, काही कळेल का, हे बघणं त्यांचं कामच नाही. औषधाच्या बाटलीवर ‘मुलांपासून दूर ठेवा’ असं लिहिलेलं नसलं, म्हणून आत सरबत आहे असं होत नाही. घराच्या वाटणीवरून भाऊभाऊ अडीच तास दिवाणखान्यात भांडतायत, असा सिनेमाही ‘यू’ असू शकतो. तो बघून कोणाचं पोर बिघडणार नाही. झोपेल फक्त.

दुसरा समज असा, की नायक लहान असला की झाला बालचित्रपट. याला मराठीतलं सगळ्यात ठसठशीत उत्तर म्हणजे ‘फँड्री’. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटातला जब्या शाळकरी पोरगा आहे, काळ्या चिमणीच्या मागे धावतो, वर्गातल्या मुलीवर त्याचं मन जडलंय. ही भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. कोणाकडे? त्याच्या घरच्यांना डुक्कर धरताना बघून हसणाऱ्या गावाकडे, आणि थिएटरात आरामात बसलेल्या मोठ्यांकडे. हिशोब मोठ्या माणसांशी आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी तो जरूर बघावा असं माझं मत आहे, पण त्यामुळे तो बालचित्रपट होत नाही.

तिसरा समज, कार्टून म्हणजे मुलांचं. हा मात्र नीट उलगडून बघायला हवा, कारण खरी गुरुकिल्ली इथेच आहे.

१६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये एका तिकिटात दोन सिनेमे लागले. दोन्ही स्टुडिओ जिब्लीचे, दोन्ही हाताने काढलेल्या चित्रांचे. एक हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’, दुसरा इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. दोन्हींत भावंडांची जोडी आहे, धाकटी बहीण साधारण चार वर्षांची. दोन्हींत आई जवळ नाही. कागदावर मांडलं तर जुळी भावंडं वाटतील. प्रत्यक्षात एक सिनेमा चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बघता येतो आणि दुसरा बघून मोठी माणसं दोन दिवस नीट जेवत नाहीत.

फरक युद्धाचा आहे, असं कोणी म्हणेल. दुसऱ्या सिनेमात १९४५ सालचं, बॉम्बहल्ल्यात जळालेलं कोबे शहर आहे हे खरं. पण मला फरक अगदी सुरुवातीच्या दृश्यात दिसतो. रेल्वे स्टेशनवर खांबाला टेकून एक मुलगा बसलाय, हाडांचा सापळा झालेला. त्याचाच आवाज आपल्याला सांगतो, की त्या रात्री मी मेलो. स्टेशनवरचा झाडूवाला त्याच्याजवळ सापडलेला गोळ्यांचा पत्र्याचा डबा उचलतो आणि बाहेर गवतात फेकून देतो. त्यानंतर गोष्ट मागे जाते आणि तोच डबा आपल्याला पुन्हा भेटतो, धाकट्या सेत्सुकोच्या हातात, रंगीत गोळ्यांनी भरलेला. ती डबा हलवते, एक गोळी तोंडात टाकते, खूश होते. गोळ्या संपल्यावर भाऊ डब्यात पाणी घालून, खळबळून तिला पाजतो. त्या पोरीला फक्त गोडी कळते आहे. त्या डब्याचं पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक आहे. आपला जीव तुटतो तो या दोन समजुतींमधल्या अंतरामुळे.

आता ‘टोटोरो’ बघा. धाकटी मेई झुडपातून रांगत जाते आणि झाडाच्या ढोलीत एका प्रचंड, लोकरीसारख्या मऊ प्राण्याच्या पोटावर जाऊन पडते. आपण तिच्याबरोबर जातो, तिच्याबरोबरच थक्क होतो. तिच्यापेक्षा एक कणही जास्त आपल्याला माहीत नसतं. उलट सिनेमातल्या मोठ्यांनाच कमी माहीत आहे, त्यांना टोटोरो दिसत नाही. आई दवाखान्यात आहे, तिच्या आजाराचं नाव कुठे येत नाही, कारण मुलींना ते सांगितलेलं नाही. तार येते, सगळे घाबरतात, आणि मेई एक मक्याचं कणीस छातीशी धरून एकटीच दवाखान्याकडे निघते. आईला ताजं कणीस दिलं की ती बरी होईल, एवढाच तिचा हिशोब. सिनेमा त्या हिशोबाला हसत नाही. शेवटी ते कणीस आईच्या खिडकीत पोचतं.

माझ्या मते सगळ्या व्याख्यांना पुरून उरणारी कसोटी ही आहे: गोष्टीतल्या मुलाला जेवढं कळतं, तेवढंच कळून प्रेक्षकाला सिनेमा पुरतो का? पुरत असेल तर तो मुलांचा. सिनेमाचा सगळा जीव मुलाला न कळलेल्या गोष्टीत असेल, तर तो मुलांवरचा सिनेमा. मुलांवरचा म्हणजे कमी प्रतीचा नव्हे. फक्त तो बोलतो मोठ्यांशी.

ही पट्टी आपल्या सिनेमांना लावून बघू. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ची गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतात. डोळ्यांचा कर्करोग आहे, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. हे डॉक्टर आजोबांना सांगतात तेव्हा आपणही आजोबांच्या बाजूला बसून ऐकतो. नातू परशा तिकडे खेळतो आहे. त्या क्षणापासून पोर जे जे डोळे भरून बघतं, ते बघून आपलेच डोळे भरतात. फायरफ्लाइजमधल्या गोळ्यांच्या डब्याचंच हे गणित. म्हणून ‘श्वास’ मोठ्यांचा आहे.

परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ याच्या बरोब्बर उलट. पंढरपूर. वडील गेलेले, आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी जप्त झालेलं. ते सोडवायला वडिलांनी हाताने बनवलेली सायकल विकायची वेळ येते. सायकलीचं नाव एलिझाबेथ. पोरं ठरवतात, एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकायच्या आणि पैसे उभे करायचे. अडचण काय आहे ते आठ वर्षांच्या प्रेक्षकाला पुरतं कळतं. पैसे नाहीत, वेळ थोडा आहे, सायकल जाणार. आणि मुख्य म्हणजे धडपड मुलं करतात. कोणी मामा येऊन नोटांचं बंडल काढत नाही. तरीही त्यात गरिबी आहे, भक्तीचा बाजार आहे, एकट्या बाईची ओढाताण आहे. हे सगळं मोठ्यांना दिसतं, पण ते न दिसल्याने मुलाचं काही अडत नाही. २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान त्याला तमिळ ‘काक्का मुट्टै’बरोबर विभागून मिळाला. तिकडेही तसंच, वस्तीतल्या दोन भावांना पिझ्झा खायचाय, बस्स.

याला मी जुन्या वाड्याची उपमा देतो. तळमजल्यावर स्वयंपाकघर, ओसरी, अंगण, सगळं आहे, पोर तिथेच राहिलं तरी त्याचं घर पूर्ण आहे. मोठ्यांसाठी वर माडी आहे आणि तिथून लांबचं दिसतं. सगळ्या वयांचा सिनेमा म्हणजे असा दुमजली वाडा. अनेक ‘फॅमिली एंटरटेनर’ मात्र दुमजली नसतातच. एकाच खोलीत मध्ये पडदा टाकलेला असतो, इकडे मुलांसाठी धडपडून पडणारा विनोदी काका, तिकडे मोठ्यांसाठी टोमणे आणि भावुक भाषण.

बार्बरा वॉल या अभ्यासकांनी १९९१ मध्ये मुलांच्या पुस्तकांबद्दल हेच फार छान मांडलंय. लेखकाचा आवाज तीन तऱ्हांनी लागतो. एक, तो फक्त मुलाशी बोलतो. दोन, बोलतो मुलाशी पण त्याच्या डोक्यावरून मोठ्यांना डोळा मारतो. तीन, दोघांशी एकाच आवाजात, एकाच मानाने बोलतो. सिनेमातही हे पकडता येतं. शेजारी बसलेलं पोर हसत नाही आणि आपण हसतोय, असं वरचेवर व्हायला लागलं, की समजायचं डोळा मारणं चाललंय. माझ्या पुतणीने एकदा अशाच एका परदेशी कार्टून सिनेमात मला विचारलं होतं, “काका, तुम्ही कशाला हसलात?” मी सांगू शकलो नाही. तिकिटाचे पैसे मी दिले होते म्हणून तो विनोद माझ्यासाठी होता, एवढंच त्यातलं सत्य.

कारण शेवटी गल्ल्याचा प्रश्न आहेच. सात वर्षांचं मूल एकटं थिएटरला जात नाही. त्याच्याबरोबर किमान एक मोठं माणूस, बहुतेकदा दोन. म्हणजे मुलांच्या सिनेमाच्या निम्म्याअधिक खुर्च्यांत मोठे बसलेले असतात, आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन कुटुंबांना “जाऊन या” असं सांगणारेही तेच. हॉलिवूडवाले प्रेक्षकांचे चार खाने पाडतात: पंचविशीच्या आतले पुरुष, पंचविशीच्या पुढचे पुरुष, पंचविशीच्या आतल्या बायका, पंचविशीच्या पुढच्या बायका. चारही खाने भरणारा सिनेमा म्हणजे त्यांच्या लेखी लॉटरी. ‘सर्व वयांसाठी’ हा शब्द कलेतून कमी आणि या हिशोबातून जास्त आलाय. निव्वळ मुलांसाठी सिनेमा काढायचा तर पैसा कुठून तरी वेगळा आणावा लागतो. बहुतेक देशांत तो सरकारने आणला. सोव्हिएत रशियाने १९३६ मध्ये मुलांच्या सिनेमाचा स्वतंत्र स्टुडिओच काढला. ब्रिटनमध्ये १९५१ पासून चिल्ड्रन्स फिल्म फाउंडेशन होतं. आपल्याकडे १९५५ मध्ये चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी निघाली, तिचा पहिला चित्रपट केदार शर्मा यांचा ‘जलदीप’. २०२२ मध्ये ती एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली.

सरकारी पैशाबरोबर एक दुखणं हमखास येतं, ते म्हणजे संस्कार. सिनेमा चालू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तोवर कोणीतरी झाड लावतं, कोणीतरी खोटं बोलल्याबद्दल रडतं. आम्हाला शाळेतून रांगेने असे सिनेमे बघायला नेत, आणि बाहेर आल्यावर बाई ‘काय बोध घेतला’ ते पाच ओळींत लिहायला सांगत. असा सिनेमा मुलांशी बोलतच नाही, तो बाईंशी बोलतो. वर दिलेल्या कसोटीत तो पार नापास होतो, कारण त्यातल्या मुलालाही कळत नसलेलं शहाणपण त्याच्या तोंडी कोंबलेलं असतं.

ब्रिटनच्या त्या फाउंडेशनचं काम बघणाऱ्या मेरी फील्ड मात्र वेगळ्या होत्या. त्यांनी शनिवारी सकाळी मुलांसाठी होणाऱ्या सिनेमाच्या खेळांत, अंधारात इन्फ्रारेड फिल्मवर प्रेक्षकांचे फोटो काढवून घेतले. पडद्याचे नव्हे, पोरांच्या चेहऱ्यांचे. कुठे तोंड उघडं राहिलंय, कुठे नजर भलतीकडे गेलीय, कुठे शेजाऱ्याला कोपर मारणं चाललंय, हे त्यात दिसे. मुलांना काय आवडतं हे मोठ्यांच्या समितीला विचारण्यापेक्षा किती साधी युक्ती!

तशीच दुसरी युक्ती बर्लिन महोत्सवाची. तिथल्या लहान मुलांच्या विभागात बक्षीस मुलांचंच परीक्षक मंडळ ठरवतं. लहानांना भरभर सबटायटल वाचता येत नाहीत, म्हणून हॉलमध्ये एक माणूस माइकवर जर्मन संवाद वाचून दाखवतो. २०१४ मध्ये तिथल्या मुलांनी आपला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला दिला. मला याचं फार अप्रूप आहे. कारण आपल्याकडे ‘किल्ला’ बघून पाघळलो ते आपण चाळिशीतले लोक. कोकण, पाऊस, जुने मित्र, हरवलेलं बालपण वगैरे. आपण माडीवरून बघत होतो. बर्लिनच्या ज्या पोरांनी गुहागरचा समुद्र नकाशातही पाहिला नसेल, त्यांनी तळमजल्यावरून बघितलं: बाबा गेलेले, आईची बदली झालेली, नवी शाळा, आणि भर पावसात किल्ल्यावर आपल्याला सोडून पळालेले मित्र. त्यांना तेवढं पुरलं. त्यातला मुलगा चिन्मय, त्याच्या आईच्या ऑफिसातली भानगड सिनेमात आहे, पण आपल्याला ती चिन्मयला दिसते तेवढीच, दाराच्या फटीतून यावी तशी येते.

म्हणजे ‘किल्ला’ नक्की कोणाचा? खरं सांगायचं तर एकाच सिनेमाचा मालक वयाप्रमाणे बदलतो. ‘अलबत्या गलबत्या’ हे रत्नाकर मतकरींचं बालनाट्य. वैभव मांगलेंनी त्यातली चिंची चेटकीण रंगवली तेव्हा नातवाला घेऊन आलेल्या आज्या त्याच्याहून मोठ्याने ओरडत होत्या, कारण त्या परत तळमजल्यावर उतरल्या होत्या. याच्या उलटही होतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांत शाळकरी पोरगा होता. २०१७ च्या सिनेमात तो कॉलेजवयीन झाला आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्यामागे लागला. वाचणारी पिढी मोठी झाली, म्हणून नायकालाही मोठं केलं. सिनेमा मला आवडला. पण आज दहा वर्षांच्या असलेल्या पोराचा फेणे कुठे गेला, ही खंत राहिलीच.

‘मासूम’च्या फजितीनंतरच्या मे महिन्यात निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ‘एलिझाबेथ एकादशी’ लावला आणि मेरी फील्डची आठवण ठेवून पडद्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून स्टूल टाकून बसलो. विठ्ठलाच्या गाण्याला थोडी चुळबुळ झाली. सायकल विकायची गोष्ट निघाली तेव्हा हॉल शांत. गेल्या वर्षीची तीच मुलगी, आता सात वर्षांची, गुडघ्यांवर उभी राहिली आणि पडद्याला म्हणाली, “विकू नका. माझ्या गल्ल्यात तीनशे आहेत.” शेजारचा पोरगा तिला म्हणाला, “वेडी, तीनशेने काय होतंय? बांगड्या किती विकायला लागतील ते मोज आधी.” मग दोघांनी बोटांवर हिशोब सुरू केला आणि मागच्या काकांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं, तरी तो थांबला नाही.